रेडिओवरची नोकरी हवी, पण पैसे नेमके कशाचे भरायचे?

पत्र थोडक्यात: नागपूरच्या मानेवाडा भागातून एका तरुणीने लिहिलं आहे. वय २५ पूर्ण. दहावीपर्यंतची शाळा काटोलला, मराठी माध्यमात. पुढे नागपुरात बी.एस्सी. केलं, विषय फिजिक्स, मॅथ्स आणि इलेक्ट्रॉनिक्स. सध्या एका ट्यूशन क्लासमध्ये आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते. विमानतळावरून वैमानिकांशी रेडिओवर बोलण्याचं काम करायचं, असं तिच्या मनाने घेतलं आहे. शहरातल्या एका संस्थेने तिला ‘एअरपोर्ट रेडिओ ऑपरेटर’ असा सहा महिन्यांचा कोर्स सुचवला आहे. फी १ लाख ९० हजार, त्यात आरटीआर या रेडिओ परवान्याची तयारी आणि शेवटी ‘नोकरीसाठी सहकार्य’. महावितरणमधून निवृत्त झालेले वडील म्हणतात, “करून पाय, पैशाचं मी पाहतो.” त्यासाठी ते एफडी मोडायला तयार आहेत. आईला रात्रपाळी नको, परगावची बदली नको. घरात स्थळं पाहणं सुरू आहे. मैत्रिणी आवाजाचं कौतुक करतात, पण तिला स्वतःला इंग्रजीची धास्ती आहे. परदेशातल्या छोट्या विमानतळांवर थोड्या प्रशिक्षणावर असं काम मिळतं, हेही तिच्या वाचनात आलं आहे. ती विचारते: फी भरू, की हा नाद सोडून गुपचूप बँकेच्या परीक्षा देऊ?

तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून एकेरीत लिहिते.

फी भरू नकोस. निदान आत्ता नाही, आणि खाली सांगते त्या प्रश्नांची लेखी उत्तरं मिळाल्याशिवाय तर नाहीच. हे आधीच सांगून टाकते, कारण एफडी मोडायला एक सकाळ पुरते आणि निवृत्त माणसाला ती पुन्हा उभी करणं फार अवघड जातं. नाद सोड, असं मात्र मी म्हणणार नाही. तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि मला वाटतं तुझी पात्रता तुला वाटते त्यापेक्षा बरीच जास्त आहे. फक्त तू ज्या दाराशी उभी आहेस ते दार त्या नोकरीचं नाही.

पत्रात तू एक गोष्ट गृहीत धरली आहेस: परवाना हातात आला की विमानतळ आपल्याला बोलावेल. परदेशाबद्दल तू जे वाचलंस ते खरं आहे, पण अर्धं. जगभर विमानतळावरून रेडिओवर बोलणाऱ्यांचे ढोबळ तीन स्तर असतात. कंट्रोलर वैमानिकाला परवानगी देतो, थांबवतो, उंची ठरवून देतो. फ्लाइट इन्फर्मेशन ऑफिसर माहिती देतो: वारा कुठून किती आहे, धावपट्टी मोकळी आहे का, आसपास दुसरं विमान कुठे आहे. ती ऐकून उतरायचं की नाही हे वैमानिक स्वतः ठरवतो. तिसरा साधा रेडिओ ऑपरेटर, त्याचे अधिकार आणखी कमी. ब्रिटनमध्ये वैमानिकाला हाकेवरूनच कळतं की समोर कोण बसलंय. विमानतळाच्या नावापुढे ‘टॉवर’ असेल तर कंट्रोलर, ‘इन्फर्मेशन’ असेल तर दुसरा, ‘रेडिओ’ असेल तर तिसरा.

आता यातला महत्त्वाचा भाग. ब्रिटनमध्ये फ्लाइट इन्फर्मेशन ऑफिसर व्हायला १८ वर्षं पूर्ण लागतात, तिथल्या सिव्हिल एव्हिएशन ऑथॉरिटीच्या लेखी परीक्षा द्याव्या लागतात, आणि त्यानंतर ज्या विमानतळावर काम करायचं तिथेच बसून शिकावं लागतं, तिथेच प्रत्यक्ष परीक्षा होते. जागा बदलली की त्या जागेपुरतं पुन्हा शिकायचं. आयकाओ ही हवाई वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणारी संघटना. तिच्या नियमांतही रेडिओ स्टेशनच्या ऑपरेटरसाठी मान्यताप्राप्त प्रशिक्षणाबरोबर पात्र ऑपरेटरच्या हाताखाली किमान दोन महिने काम केल्याची अट आहे. म्हणजे ज्याच्याकडे स्वतःचं रेडिओ स्टेशन नाही, तो तुला ही पात्रता पूर्ण करून देऊच शकत नाही. वर्गात बसून भाषा शिकता येईल, पण खुर्चीवर बसवणारा कुणीतरी विमानतळ आधी लागतो. आणि परदेशातला विमानतळ हवा असेल, तर त्या देशात नोकरी करायचा हक्क त्याच्याही आधी लागतो.

आपल्याकडे हे काम बहुतेक सगळं एकाच दारातून जातं: एअरपोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडिया, म्हणजे भारतीय विमानपत्तन प्राधिकरण. पुण्यासारख्या ठिकाणी हवाई दलाचे अधिकारी ते करतात. जिथे टॉवरच नाही अशा काही धावपट्ट्यांवर फ्लाइंग स्कूलची माणसं रेडिओवर वारा आणि रहदारी सांगतात, पण ती बहुधा प्रशिक्षक किंवा शिकाऊ वैमानिकच असतात. त्या कामासाठी बाहेरून नेमणूक क्वचित होते. समुद्रावरून जाणाऱ्या विमानांशी लांब पल्ल्याच्या रेडिओवर बोलणारं ‘मुंबई रेडिओ’ नावाचं स्टेशन आहे, तेही प्राधिकरणाचंच. माहिती देण्याची सेवा आपल्याकडे मुख्यतः कंट्रोलरच देतात. त्यामुळे तुझ्या मनातलं काम भारतात करायचं, तर सरळ रस्ता ज्युनियर एक्झिक्युटिव्ह, एअर ट्रॅफिक कंट्रोल या पदाचा आहे. या पदाचा पत्रात तू उल्लेखही केलेला नाहीस, आणि मला काळजी त्याचीच वाटते. कोर्स विकणाऱ्याने ते तुला सांगितलं नसेल, कारण या पदाला आरटीआर लागत नाही.

आरटीआर वाईट आहे असं नाही. तो विमानाच्या रेडिओवर बोलण्याचा परवाना आहे आणि वैमानिक होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला लागतो. ही परीक्षा वर्षानुवर्षं दूरसंचार खात्याची डब्ल्यूपीसी विंग घ्यायची. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आणि त्याने हे काम डीजीसीएकडे, म्हणजे नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाकडे दिलं. संस्थेच्या माहितीपत्रकात अजून जुन्याच व्यवस्थेची माहिती असेल, तर पहिला प्रश्न त्यावरच विचार. मग विचार की हा कोर्स करून मी कोणत्या पदासाठी अर्ज करणार, नोकरी देणारा कोण, आणि त्याने हा परवाना मागितल्याची एक तरी जाहिरात दाखवाल का. मागच्या बॅचमधल्या दोघांशी बोलू द्या म्हण. ‘सहकार्य’ म्हणजे काय आणि नोकरी लागली नाही तर फीचं काय, हे कागदावर माग. प्रामाणिक संस्था या प्रश्नांवर चिडणार नाही. कुणी म्हणालं की “मॅडम, सीट्स संपत आल्या, आज टोकन भरा”, तर तुला उत्तर मिळालं असं समज.

आता प्राधिकरणाच्या वाटेबद्दल सविस्तर लिहिते, कारण तुझ्यासारखे पुष्कळ जण हे वाचत असतील. शिक्षणाची अट अशी: फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही विषय घेऊन पूर्णवेळ तीन वर्षांचं बी.एस्सी.; किंवा कुठल्याही शाखेची इंजिनिअरिंगची पदवी, फक्त तिच्या कुठल्यातरी एका सेमिस्टरला फिजिक्स आणि मॅथ्स असायला हवेत. तुझं फिजिक्स-मॅथ्स-इलेक्ट्रॉनिक्स यात चपखल बसतं. केमिस्ट्री-बॉटनी-झूलॉजीवाल्या मुलांना, किंवा ज्यांच्या पदवीत फिजिक्स नाही त्यांना, हे दार बंद आहे. बारावी सायन्सनंतर विषय निवडणाऱ्यांनी हे आत्ताच ध्यानात घ्यावं, नंतर हळहळून उपयोग नाही. वय अर्जाच्या शेवटच्या तारखेला २७ पेक्षा जास्त नको. ओबीसी नॉन-क्रीमी लेयरला ३ वर्षांची आणि एससी-एसटीला ५ वर्षांची सवलत असते. तू प्रवर्ग लिहिलेला नाहीस, पण सवलत मिळणार असेल तर प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या नमुन्यात लागतं. कॉलेजच्या वेळचं राज्याच्या नमुन्यातलं चालत नाही, आणि ऐन वेळी तहसीलच्या चकरा मारण्यात मुलांची संधी हुकते. हा कागद जाहिरात निघायच्या आधीच काढून ठेव.

लेखी परीक्षा संगणकावर होते. १२० प्रश्न, १२० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अर्धे प्रश्न फिजिक्स आणि मॅथ्सचे, उरलेले इंग्रजी, बुद्धिमापन, अंकगणित आणि सामान्य ज्ञानाचे. आता हे बँकेच्या अभ्यासक्रमाशेजारी ठेवून बघ. इंग्रजी, रीझनिंग, अंकगणित, सामान्य ज्ञान दोन्हीकडे आहे. म्हणजे ‘हे की ते’ असा तुझा प्रश्नच मुळात उरत नाही. बँकेचा अभ्यास कर, गुपचूप नाही, उघडपणे कर, आणि सकाळचे दोन तास बारावी व बी.एस्सी.च्या फिजिक्स-मॅथ्सला दे. मॅथ्स तर तू रोज शिकवतेसच. शिकवणाऱ्याचा पाया किती घट्ट होतो, हे तुला वेगळं सांगायला नको.

या पदाच्या २०२२ मध्ये ४०० जागा निघाल्या, २०२३ मध्ये ४९६ आणि २०२५ मध्ये ३०९. जाहिरात दरवर्षी येईलच असं नाही, आणि अर्ज करणारे देशभरातून असतात. तुझ्या हातात जेमतेम एक-दोन संधी आहेत. म्हणूनच पुढचे सहा महिने दुसऱ्या कोर्सला देणं मला पैशापेक्षाही जास्त महाग वाटतं.

लेखी पार पडली की कागदपत्रं, आवाजाची चाचणी, नशेच्या पदार्थांची तपासणी, मानसिक क्षमतेची चाचणी आणि वैद्यकीय तपासणी होते. निवड झाल्यावर प्रशिक्षण आधी वर्गात आणि सिम्युलेटरवर, मग प्रत्यक्ष टॉवरमध्ये अनुभवी कंट्रोलरच्या नजरेखाली. प्रशिक्षणाच्या संस्था प्रयागराज, हैदराबाद आणि आपल्या गोंदियाला आहेत. होय, गोंदियाला, बिरसीच्या विमानतळाजवळ. यासाठी तुला फी भरावी लागत नाही, उलट पगार मिळतो. मूळ वेतनश्रेणी ४०,००० ते १,४०,००० रुपये आहे. ठरावीक वर्षं सेवा देण्याचा बाँड मात्र लिहून द्यावा लागतो. त्याची रक्कम आणि मुदत जाहिरातीतून बाबांना वाचून दाखव.

इंग्रजीबद्दल जरा थांबून बोलू, कारण तुझी खरी अडचण मला तिथेच दिसते.

१२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमानं आकाशात एकमेकांवर आदळली. दिल्लीहून निघालेलं सौदीचं जम्बो १४,००० फुटांपर्यंत चढत होतं आणि कझाकस्तानचं इल्युशिन १५,००० फुटांपर्यंत उतरत होतं. दोघांना उंची वेगवेगळी दिलेली होती, मधे हजार फुटांचं अंतर होतं. कझाक विमानात कंट्रोलरशी बोलायचं काम वैमानिक करत नव्हते, ते एका रेडिओ ऑपरेटरकडे होतं. विमान दिलेल्या उंचीच्या खाली उतरलं. ३४९ माणसं गेली. चौकशीत कझाक चमूचं इंग्रजी अपुरं असल्याचा मुद्दा पुढे आला. वैमानिक आणि कंट्रोलर यांच्या इंग्रजीची पातळी ठरवणारे आयकाओचे नियम पुढे आले, त्यामागे या अपघाताचा मोठा वाटा आहे.

हे तुला घाबरवायला सांगत नाही. ‘इंग्रजी चांगलं’ याचा या कामात अर्थ काय, ते कळावं म्हणून सांगते. तिथे कुणी तुझ्याकडून भाषण मागत नाही. आयकाओच्या सहा पातळ्यांपैकी चौथी पुरेशी असते. उच्चार, वाक्यरचना, शब्द, ओघ, आकलन आणि संवाद या सहा गोष्टी तपासतात. मराठी वळणाचा उच्चार चालतो, समोरच्याला समजण्यात अडचण येऊ नये इतकंच. चौथी पातळी मिळाली तरी दर तीन वर्षांनी पुन्हा तपासणी होते, त्यामुळे हे शिकणं नोकरीभर चालूच राहतं. तुझा आवाज गोड आहे ही चांगली गोष्ट, पण या खुर्चीवर बोलण्याहून ऐकणं जास्त असतं. वैमानिक महत्त्वाचे आकडे परत म्हणून दाखवतो आणि त्याने एक जरी चुकीचा म्हटला तरी तो त्याच क्षणी पकडायचा असतो. पाचवीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांनाही हे आपोआप येत नाही. दहावीच्या मुलाच्या वहीत तिसऱ्या ओळीत चिन्ह चुकलेलं तुला लांबून दिसतं ना, तीच सवय इथे कानाला लावायची आहे.

घरी करून बघ. कागदावर लिही: विंड टू सेव्हन झिरो डिग्रीज, एट नॉट्स, रनवे थ्री टू, क्यूएनएच (म्हणजे हवेच्या दाबाचा आकडा) वन झिरो झिरो सिक्स. थ्री टू ही आपल्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीचीच एक बाजू आहे. रेडिओवर थ्रीला ‘ट्री’, फोरला ‘फोवर’, फाइव्हला ‘फाइफ’ आणि नाइनला ‘नायनर’ म्हणतात, म्हणजे खरखरीतही घोळ होत नाही. तू हे एकदा वाच आणि घरातल्या कुणालाही ते परत म्हणायला सांग, मधे मुद्दाम एखादा आकडा बदलून. कधी टू सेव्हन झिरोचं टू सिक्स झिरो, कधी थ्री टूचं टू थ्री. तुला ते कुकरच्या शिट्ट्या आणि टीव्हीच्या आवाजात पकडायचं आहे, आणि पकडल्यावर चिडून किंवा हसून नाही, त्याच संथ आवाजात दुरुस्त करायचं आहे. रोज पंधरा मिनिटं पुरे. सोबत एक इंग्रजी बातमीपत्र ऐकून त्यातलं काय कळलं ते चार वाक्यांत मोठ्याने सांग. मात्र ऑनलाइन मिळतो म्हणून विमानांचं बोलणं ऐकायचा स्कॅनर मागवू नकोस. परवान्याशिवाय अशी यंत्रं बाळगणं आपल्याकडे कायद्यात बसत नाही, आणि सरकारी नोकरीच्या तोंडावर ते लफडं नको.

आता आई. त्यांची काळजी खोटी नाही, त्यामुळे ‘रात्रपाळी नसते गं’ असं सांगून वेळ मारून नेऊ नकोस. रात्रपाळी असते, बदली असते, पहिली नेमणूक नागपूरला मिळेल याची काहीच खात्री नाही. पण रात्रीचं काम म्हणजे काहीतरी विचित्र, हे आपण नागपूरकरांनी तरी म्हणू नये. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चारही दिशांची विमानं रात्री इथे उतरायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि परत फिरायची. मेडिकलमधल्या नर्सताई कित्येक वर्षं रात्रपाळी करून संसार चालवतात, हे आईंनी पाहिलेलं असणार. टॉवरमधली रात्रपाळी बंदिस्त, पहारा असलेल्या जागेत असते आणि सोबत सहकारी असतात. हे त्यांना शांतपणे सांग. आणि येणाऱ्या स्थळांनाही पहिल्याच भेटीत स्पष्ट सांग की मी या परीक्षेची तयारी करतेय, लागली तर बदलीची नोकरी आहे. ज्या घराला ते चालणार नाही ते आधीच कळलेलं बरं. लग्न ठरवून मग परीक्षा द्यावी, असं मला तुझ्या बाबतीत अजिबात वाटत नाही. वयाची मर्यादा परीक्षेला आहे.

नागपूरबद्दल आणखी एक, कारण तुझ्या मनात ते असणार. देशाचं आकाश सध्या मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई अशा चार मोठ्या विभागांत वाटलेलं आहे आणि आपण मुंबईच्या विभागात येतो. हे चारही विभाग नागपुरातून एकत्र सांभाळायचे, अशा ‘ईशान’ नावाच्या योजनेसाठी प्राधिकरणाने २०२४ मध्ये प्रकल्प अहवाल तयार करणाऱ्यांकडून प्रस्ताव मागवले. झालं तर आपल्या शहरात या क्षेत्राचं मोठं केंद्र उभं राहील. त्या भरवशावर आजचा निर्णय घेऊ नकोस, पण बाबांना सांगायला हरकत नाही.

ज्यांना शिक्षणाची वरची अट बसत नाही त्यांच्यासाठी: इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा असलेल्यांना प्राधिकरणात रेडिओ आणि दिशादर्शक यंत्रणा सांभाळण्याच्या विभागात सहायक पदं निघतात, तिथे कामाचा अनुभवही मागतात. विशीच्या आतबाहेरच्या मुलामुलींनी नौदलाची एअर ट्रॅफिक कंट्रोलसाठीची शॉर्ट सर्व्हिस भरती आणि हवाई दलाची एएफसीएटी परीक्षा पाहावी. तिथली वयोमर्यादा आणखी कमी आहे.

तुझं पहिलं काम मात्र पुस्तक उघडायच्याही आधीचं आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि रंग ओळखण्याची इशिहारा चाचणी करून घे. चष्मा असला तर बिघडत नाही, पण रंग ओळखण्यात दोष निघाला तर वैद्यकीय तपासणीत अडकशील, आणि ते वर्षभराच्या अभ्यासानंतर कळण्यापेक्षा आज कळलेलं चांगलं. चाचणी नीट आली की प्राधिकरणाच्या वेबसाइटवरची मागची जाहिरात डाउनलोड कर, छापून आण आणि बाबांबरोबर ओळ न् ओळ वाच. एफडीचा विषय तोवर बाजूला राहू दे. चाचणीत अडचण निघाली तर मला पुन्हा लिही, तुझ्या फिजिक्स-इलेक्ट्रॉनिक्सवर विमानतळाच्या दुसऱ्या कामांचा विचार आपण मिळून करू.